पवित्र तेल आणि त्याचा अधिकार

श्रोतेहो, तेल ही काही आपल्याला नवलाची वस्तू नाही. तान्ह्या बाळाच्या टाळूवर आपण तेल घालतो, दिवाळीच्या पहाटे अभ्यंग करतो, शनिवारी मारुतीला तेल वाहतो. तेव्हा ख्रिस्ती धर्मात तेलाला पवित्र मानतात हे ऐकून कोणाला फारसे आश्चर्य वाटायचे कारण नाही. परंतु याच तेलाच्या एका थेंबासाठी युरोपात राजे अडून बसले, आणि आपल्या मलबारात तर त्यापायी लोक हत्यारे घेऊन देवळात आले, हे सांगितले तर मात्र आपण जरा सावरून बसाल. आज मी आपल्याला या तेलाचा इतिहास सांगणार आहे.

प्रथम एक शब्द पाहू. 'ख्रिस्त' हे येशूचे आडनाव आहे अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. 'ख्रिस्तोस' हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'ज्याला तेलाचा अभिषेक झाला आहे तो'. हिब्रू भाषेत त्यालाच 'मशीहा' म्हणतात. म्हणजे ख्रिस्ती हे नावच मुळी तेलातून आले. आपल्याकडे अभिषेक म्हटले की पाणी आठवते, सप्तनद्यांचे पाणी, दूध, पंचामृत. पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखात पाणी जपून वापरायचे आणि जैतुनाची झाडे मात्र डोंगरउतारावर उदंड. दिवा त्या तेलाचा, स्वयंपाक त्या तेलात, जखमेवर तेच तेल. तिथे अभिषेक तेलाचा व्हावा यात नवल ते काय?

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, निर्गम नावाच्या पुस्तकात या तेलाची कृती वजनासकट दिली आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी बोरू २५०, तज ५०० आणि त्यात एक हिन जैतुनाचे तेल. शेकेल हे वजन आणि हिन हे माप. वैद्याच्या वहीतला पाठ वाचावा तसे ते वाचताना वाटते. मोशेला आज्ञा अशी की हे तेल याजकांसाठी आणि पूजेच्या उपकरणांसाठी आहे. कोणी घरी तसले बनवू नये, परक्याला लावू नये. पुढे शमुवेल नावाच्या द्रष्ट्याने मेंढपाळाच्या धाकट्या पोराच्या, दावीदाच्या, डोक्यावर शिंगातले तेल ओतले आणि तो राजा ठरला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या वेळी शौल नावाचा राजा गादीवर जिवंत बसलेला होता. तेल ओतणारा हात कोणाचा, यावर राज्य कोणाचे हे ठरू लागले ते तेव्हापासून.

ख्रिस्ती मंडळीत आरंभापासून तेल आहे. आजाऱ्याला मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्रात सांगितलेले आहे. हळूहळू तेलाचे तीन प्रकार झाले. एक आजाऱ्यांचे. दुसरे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांचे. आणि तिसरे, सर्वांत मानाचे, त्याला 'क्रिस्म' म्हणतात. पहिली दोन निव्वळ तेले आहेत. क्रिस्मात मात्र बाल्सम नावाचा सुगंधी डिंक मिसळतात. बाप्तिस्म्यानंतर टाळूला, दृढीकरण संस्काराच्या वेळी कपाळाला, नव्या धर्मगुरूच्या तळहातांना, नव्या बिशपच्या मस्तकाला आणि नव्या वेदीला हे क्रिस्म लावतात. रोमन कॅथलिक पंथात ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, किंवा सोयीसाठी त्याच्या जवळपासच्या एखाद्या दिवशी, प्रत्येक बिशप आपल्या मुख्य देवळात ही तिन्ही तेले मंत्रित करतो. क्रिस्माच्या भांड्यावर तो तोंडाने फुंकर घालतो. मग लहान लहान बाटल्यांतून ती गावोगावच्या देवळांत जातात आणि वर्षभर पुरवतात. वसईला काय, गोव्याला काय, हीच रीत.

यात अधिकाराची गोष्ट कुठे येते ती पाहा. गावचा धर्मगुरू बाप्तिस्मा देऊ शकतो, मिस्सा करू शकतो, लग्न लावू शकतो. पण क्रिस्म तयार करण्याचा अधिकार त्याला नाही, तो बिशपचा. इ. स. ३९० मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने साध्या धर्मगुरूंना हे करण्याची स्पष्ट मनाई केली. म्हणून ज्या गावात ज्या बिशपचे तेल, ते गाव त्या बिशपचे. कागदावर शिक्का नसेना का, बाटलीतले तेल सांगते की आपण कोणाचे. माझ्या मते हे कळले म्हणजे पुढच्या साऱ्या भांडणांची किल्ली हाती आली.

त्या बाल्समची कथाही गमतीची आहे. मध्ययुगात उत्तम बाल्सम मिसर देशात, कैरोजवळ मतारिया नावाच्या गावच्या बागेत होई. ती बाग मुसलमान सुलतानांच्या ताब्यात होती. म्हणजे युरोपातल्या बिशपांना आपल्या सर्वांत पवित्र तेलासाठी सुलतानाच्या बागेतला माल लागे, व्यापारी तो आणून देत, आणि कोणाला त्यात अवघड वाटत नसे! पुढे ती झाडे खंगत जाऊन नष्ट झाली. तोवर स्पॅनिश लोक अमेरिकेत पोचले होते आणि तिथे तसाच सुगंधी डिंक त्यांना सापडला होता. तो चालेल का? सोळाव्या शतकात पोप चौथा पायस आणि पोप पाचवा पायस यांनी परवानगी दिली. त्याला 'पेरूचा बाल्सम' म्हणतात, पण तो पेरूचा नव्हेच. तो मध्य अमेरिकेतला. पेरूच्या बंदरातून जहाजावर चढे म्हणून ते नाव पडले.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथांत या तेलाला 'मायरॉन' किंवा 'मूरोन' म्हणतात, आणि ते दरवर्षी करीत नाहीत. आर्मेनियन लोकांत एच्मियाद्झिन येथे त्यांचा सर्वोच्च धर्मगुरू साधारण सात वर्षांनी एकदा ते करतो. चाळीसहून अधिक फुले, मुळे, सुगंधी द्रव्ये मोठ्या कढईत शिजवतात, आणि जुन्या तेलातला काही भाग नव्यात ओततात. आपण विरजण लावतो ना, कालचे दही आजच्या दुधात? तसेच. त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा धागा तुटत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे. या लोकांना घरेदारे सोडून देशोधडीला लागावे लागले, १९१५ साली तुर्कस्तानात त्यांची भयंकर कत्तल झाली. अशा जमातीला हा न तुटलेला धागा किती मोलाचा वाटत असेल ते निराळे सांगायला नको.

आता फ्रान्सकडे वळू. तिथे पॅरिसच्या ईशान्येला रँस नावाचे शहर आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याने तिथल्या संत रेमी नावाच्या बिशपकडून बाप्तिस्मा घेतला. एवढा झाला इतिहास. पुढे नवव्या शतकात रँसचा आर्चबिशप हिंकमार याने जी गोष्ट लिहून ठेवली ती अशी: बाप्तिस्म्याच्या वेळी इतकी गर्दी झाली की तेल आणणारा धर्मगुरू पुढे येऊ शकेना. तेव्हा आकाशातून एक शुभ्र कबुतर चोचीत तेलाची कुपी घेऊन आले. गोष्ट घटनेनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी लिहिली गेली आणि ती लिहिणारा स्वतः रँसचाच आर्चबिशप, हे ध्यानात घ्या. फ्रान्सच्या राजांना अभिषेक करण्याचा मान आपल्याच गादीला असावा ही त्याची मनीषा उघड होती.

पण गोष्ट लोकांच्या मनात बसली. ती कुपी संत रेमीच्या मठात ठेवली जाई. राज्याभिषेकाच्या दिवशी मठाधिपती पांढऱ्या घोड्यावरून ती मिरवत आणी. आर्चबिशप सोन्याच्या सळईने त्यातले सुकत आलेले तेल गव्हाच्या दाण्याएवढे काढी, नेहमीच्या क्रिस्मात मिसळी आणि राजाच्या अंगाला ठिकठिकाणी लावी. एवढे झाले की राजाच्या हातात गंडमाळ बरी करण्याची शक्ती येते असे लोक मानीत. सोळाव्या लुईला ११ जून १७७५ रोजी अभिषेक झाला, त्यानंतर सुमारे २४०० रोगी त्याच्या स्पर्शासाठी रांगेत बसले होते.

या तेलाचे राजकीय वजन किती, ते जोन ऑफ आर्कच्या चरित्रात दिसते. १४२९ साल. निम्मा फ्रान्स इंग्रजांच्या हाती. मेलेल्या राजाचा मुलगा चार्ल्स जिवंत आहे, पण रँस शत्रूच्या मुलखात आणि अभिषेक झालेला नाही. जोन ही खेड्यातली शेतकऱ्याची पोर. ती त्याला 'राजा' म्हणेना, युवराजच म्हणे. शहाणे सेनापती म्हणत होते की आधी हे घेऊ, आधी ते घेऊ. ती म्हणत होती, आधी रँस. शत्रूच्या प्रदेशातून वाट काढीत ते तिथे पोचले आणि १७ जुलै १४२९ रोजी चार्ल्सच्या अंगाला ते तेल लागले. त्या दिवसानंतर लोकांच्या नजरेत राजा कोण, हा प्रश्न उरला नाही. लढाया पुढे पुष्कळ झाल्या, पण पारडे फिरले ते तिथे. मला वाटते, शेतकऱ्याच्या पोरीला राजकारणातली ही खूण सेनापतींपेक्षा अधिक कळली होती, कारण साधी माणसे काय मानतात हे तिला ठाऊक होते.

पण तेलाशिवाय अडत नाही असेही एकदा दिसून आले, बरं का! चौथ्या हेन्रीच्या वेळी रँस त्याच्या वैऱ्यांच्या ताब्यात होते. त्याने काय केले, तर १५९४ साली शार्त्र येथे अभिषेक करून घेतला, आणि संत मार्टिनच्या नावाचे दुसरेच पवित्र तेल एका मठातून मागवले. कोणाचे काही बिघडले नाही.

मग क्रांती झाली. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचे शिर उडवले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला फिलिप र्‍यूल नावाच्या क्रांतिकारी प्रतिनिधीने रँसच्या चौकात, पंधराव्या लुईच्या पुतळ्याच्या रिकाम्या जोत्यावर, सर्वांदेखत ती कुपी हातोडीने फोडली. राजा मारला तरी कुपी आहे तोवर नवा राजा होऊ शकतो, हे त्याला पक्के कळलेले होते. एका अर्थी कुपीवरचा विश्वास त्याच्याइतका कोणाचाच नसेल! परंतु आदल्या दिवशीच गावातल्या एका धर्मगुरूने आणि एका नगरसेवकाने त्यातले थोडे तेल खरवडून लपवून ठेवले होते असे सांगतात. तेच पुढे २९ मे १८२५ रोजी दहाव्या चार्ल्सच्या अभिषेकाला वापरले. या वेळी स्पर्शासाठी आलेले रोगी सव्वाशेच्या घरात. कुठे २४०० आणि कुठे हे! तेल थोडेफार वाचले होते, पण लोकांच्या मनातले आटले होते. पाच वर्षांत, १८३० साली, त्या राजाला पळून जावे लागले. फ्रान्समध्ये त्यानंतर कोणाला असा अभिषेक झाला नाही.

इंग्लंडात मात्र ही रीत टिकली आहे. २ जून १९५३ रोजी राणी दुसरी एलिझाबेथ हिच्या राज्यारोहणाचा सोहळा दूरचित्रवाणीवरून दाखवला, पण तेल लावण्याच्या क्षणी वर छत धरले आणि चित्रण थांबवले, तेवढे गुप्त. मुकुट जगाने पाहिला, तेल पाहिले नाही. जुन्या तेलाची कुपी १९४१ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली होती, म्हणून नवे तेल करावे लागले. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या वेळी तर तेल जेरुसलेमहून आणले. जैतून डोंगरावरच्या झाडांची फळे, आणि त्यात तीळ, गुलाब, मोगऱ्याच्या जातीची फुले, दालचिनी अशी द्रव्ये. पूर्वी या तेलात कस्तुरीसारखे प्राणिज सुगंध घालीत, ते या वेळी गाळले.

आता आपल्या देशात येऊ. केरळात संत थोमाचे ख्रिस्ती म्हणून एक फार जुना समाज आहे. पोर्तुगीज येण्यापूर्वी शतकानुशतके ते तिथे आहेत. त्यांचे बिशप बाबिलोनकडून, म्हणजे इराक-इराणच्या बाजूने येत, प्रार्थना सिरियाक भाषेत चाले. पोप कोण, हे त्यांच्या व्यवहारात फारसे नव्हतेच. १५९७ साली त्यांचा बिशप मार अब्राहम वारला. गोव्याचा आर्चबिशप होता आलेइशो द मेनेझिस, चाळिशीही न गाठलेला, मोठा जिद्दी माणूस. त्याने ठरवले की हा समाज रोमच्या शिस्तीत आणायचा, बाबिलोनचा बिशप पुन्हा येऊ द्यायचा नाही. १५९८ च्या डिसेंबर अखेर तो गोव्याहून निघाला आणि फेब्रुवारीत कोचीनला उतरला. मलबारी ख्रिस्त्यांचा पुढारी होता आर्चडीकन जॉर्ज, तिथलाच माणूस. दोघांची नजरेला नजर भिडली ती तेलावरून.

मेनेझिस गावोगाव जाऊन दृढीकरणाचा संस्कार देऊ लागला. बिशप कपाळावर क्रिस्माने क्रूस काढतो आणि गालावर हलकीशी चापट मारतो, असा तो विधी. चापट कशाला? तर ख्रिस्ताचा शिपाई झालास, अपमान सोसायला तयार राहा, म्हणून. युरोपात कोणाला त्याचे काही वाटत नसे. इथे मात्र आग लागली. हा संस्कार या समाजात या रूपाने नव्हताच. पारूरच्या देवळात लोक शस्त्रे घेऊन जमले. मेनेझिसच्या प्रवासाचे वर्णन गोव्हेआ नावाच्या त्याच्याच पंथबंधूने लिहिले, ते १६०६ मध्ये पोर्तुगालात छापले गेले. त्यात हा प्रसंग आहे. लोकांचे म्हणणे असे: हा संस्कार नव्हे, हे आम्हाला पोर्तुगीजांचे ताबेदार करण्याचे साधन आहे. आमच्या कपाळावर तुमचा डाग नको. तोंडावर मारून घ्यायचे असेल तर तुमच्या पोर्तुगीजांना मारा. आमच्या दाढीला हात लावू देणार नाही आणि आमच्या बायकांच्या चेहऱ्याला तर मुळीच नाही.

हे वाचून कोणी हसेल. अडाणी लोक, धर्मविधीचा अर्थ त्यांना कळला नाही, असे म्हणेल. मला ते पटत नाही. गोष्ट त्यांना नेमकी कळली होती. हा बिशप आमचा नाही, मग याचे तेल आमच्या कपाळाला का? लावून घेतले की तो आमचा झाला आणि आम्ही त्याचे झालो. आर्चडीकनचाही मुद्दा हाच होता. ही माणसे मलबारच्या हिंदू राजांची प्रजा, त्यांच्या सैन्यात लढणारी, गावात मान असलेली. दाढीला हात लावणे म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. मिशीवरून आपल्याकडेही मुडदे पडले आहेत. मेनेझिस धर्म शिकवत होता हे खरे, आणि त्याच्या मागे पोर्तुगीजांच्या तोफा होत्या हेही खरे. कपाळावरचा थेंब यातला कोणता, हे ठरवायचे कसे?

शेवटी जोर मेनेझिसचा झाला. काही राजांना वश केले, आर्चडीकनला नमवले, आणि २० जून १५९९ पासून उदयम्पेरूर येथे धर्मसभा भरवली. तिच्या ठरावांत एक ठराव तेलाविषयी आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. इथले लोक बाप्तिस्म्यानंतर मुलाच्या सर्वांगाला नारळाचे किंवा तिळाचे तेल लावतात, त्यावर काही मंत्र नसतो, तरीही ते त्याला पवित्र समजतात. हे बंद करून यापुढे बिशपने मंत्रित केलेली तेलेच वापरावीत, असा त्याचा आशय. तान्ह्या मुलाला खोबरेल चोळणे! कुठली केरळी आई ते करत नाही? आणि कोकणातली तरी? घरातली माया आणि देवळातला विधी एकमेकांत मिसळून गेले होते, ते ठराव करून वेगळे काढायचे ठरले. जुनी सिरियाक पुस्तकेही तेव्हा तपासली, दुरुस्त केली, पुष्कळ जाळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते नुकसान अजून सलते.

चोपन्न वर्षे ही राख धुमसत राहिली. ३ जानेवारी १६५३ रोजी मट्टान्चेरी येथे हजारो लोकांनी क्रूसाला दोर बांधून, तो हातात धरून शपथ घेतली की यापुढे या जेझुइट धर्माधिकाऱ्यांचे ऐकणार नाही. समाज दुभंगला. पुष्कळसे रोमकडे परतले, बाकीचे पुढे सीरियाच्या अंत्योखियन पेट्रिआर्ककडे वळले.

आणि तिथेही तेल आडवे आलेच! त्या पंथात मूरोन करण्याचा अधिकार पेट्रिआर्कचा, म्हणून मलबारला मूरोन बाहेरून येई. १८७६ साली पेट्रिआर्क पीटर स्वतः केरळात असताना मुलन्तुरुत्ती येथे त्याने ते मंत्रित केले. पुढे १९१२ साली इथल्या एका पक्षाने आपला स्वतंत्र कॅथॉलिकॉस स्थापला, आणि १९३२ साली त्या गादीने आपले मूरोन आपणच केले. ज्यांना स्वतंत्र व्हायचे होते त्यांनी नुसते कागद केले नाहीत, तेल केले. त्या दोन पक्षांतले देवळांच्या मालकीचे खटले कितीतरी वर्षे न्यायालयात चालले, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत. त्याचा निकाल २०१७ सालचा आहे.

रोमन पंथातली रीतही पुढे बदलली. क्रिस्मासाठी जैतुनाचेच तेल हवे हा नियम फार जुना. जैतून न होणाऱ्या देशांना ते दुरून आणावे लागे. १९७० सालच्या डिसेंबरात रोमहून नवा विधी जाहीर झाला, त्यात जैतुनाचे तेल मिळणे कठीण असेल तिथे दुसरे कोणतेही वनस्पतीचे तेल चालेल असे म्हटले आहे. म्हणजे नारळाचे चालते, तिळाचेही चालते. फक्त त्यावर बिशपचा मंत्र हवा. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, दृढीकरणाचा विधी नव्याने लिहिला गेला. त्यात कपाळावरचा तेलाचा क्रूस कायम राहिला. गालावरची चापट काढून टाकली, आणि तिच्या जागी बिशप आता "तुला शांती असो" एवढेच म्हणतो.